सोनेरी लार्च पाहण्यासाठी सप्टेंबरअखेर बॅन्फ: कोणती वाट, कोणती तारीख? सल्ला हवा आहे

धागाकर्ती

नमस्कार. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी, माझे पती आणि माझे आई-बाबा असे आम्ही चौघे टोरांटोहून कॅल्गरीला येऊन बॅन्फ परिसरात चार दिवस राहणार आहोत. सहलीचे निमित्त एकच आहे. बाबांनी नोकरीची सगळी वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले, आणि सूचिपर्णी असूनही दर हिवाळ्यापूर्वी सगळी पाने ढाळणारे लार्चचे झाड त्यांनी विद्यार्थ्यांना कायम फळ्यावरच्या आकृतीवरूनच समजावून सांगितले. ते झाड त्याच्या स्वतःच्या डोंगरात, सोनेरी झालेले असताना त्यांना दाखवावे अशी माझी फार इच्छा आहे.

बाबा ६८ वर्षांचे आहेत, रोज चालतात आणि चढणीवर त्यांचा दम टिकतो. आई ६४ वर्षांची आहे. तिला चढताना काही त्रास होत नाही, परंतु उतरताना तिचा उजवा गुडघा दुखतो. आम्हा दोघांना डोंगरात चालण्याची सवय आहे. बॅन्फ गावात राहण्याची सोय झाली आहे आणि विमानतळावरून भाड्याची मोटार घेणार आहोत.

लार्च म्हटले की सर्वत्र मोरेन लेकजवळच्या लार्च व्हॅलीचेच नाव वाचायला मिळते. त्या वाटेवर आई कुठपर्यंत येऊ शकेल, खासगी मोटारींना तिथे बंदी असल्यास जायचे कसे, आणि सप्टेंबरचा शेवटचा आठवडा रंगासाठी योग्य आहे की तोवर सुया (लार्चची सुईसारखी पाने) गळून जातात, हे मला समजून घ्यायचे आहे. याच एका जागेचा आग्रह धरावा की आईला सोयीची दुसरी एखादी जागा आहे, याबद्दलही अनुभवी सभासदांनी स्पष्ट मत द्यावे. बर्फ आणि अस्वले यांची कितपत तयारी ठेवावी, तेही कृपया सांगावे.

वाटसरू

आपल्या प्रश्नांपैकी मोटारीचा प्रश्न मी आधी घेतो, कारण रंग साधला आणि बस मिळाली नाही तर सगळेच मुसळ केरात जाते. मोरेन लेकला जाणारा रस्ता २०२३ पासून खासगी मोटारींसाठी पूर्णपणे बंद आहे. पहाटे लवकर गेल्यास सोडतील, या आशेवर कोणी राहू नये. उन्हाळा आणि शरद ऋतूत पार्क्स कॅनडाची (राष्ट्रीय उद्याने सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेची) शटल बस लेक लुईस स्की रिसॉर्टच्या वाहनतळावरून सुटते. मोटार तिथे उभी करायची आणि पुढे बसने जायचे. बॅन्फ गावातून रोम ट्रान्झिटच्या सार्वजनिक बसही लेक लुईसपर्यंत जातात, आणि अलीकडच्या वर्षांत लार्चच्या हंगामात बॅन्फहून थेट मोरेन लेकलाही त्यांची बस धावली आहे. यांखेरीज परवानाधारक खासगी सहल-बस असतात. त्या महाग पडतात, पण काही पहाटेच्या आहेत.

शटलच्या आरक्षणाची रीत नीट समजून घेतली तर ती आपल्या फायद्याची ठरते. पूर्ण हंगामातील काही जागा एप्रिलच्या सुमारास खुल्या होतात आणि लार्चच्या दिवसांच्या जागा हातोहात संपतात. मात्र जागांचा मोठा वाटा मुद्दाम राखून ठेवलेला असतो आणि तो प्रवासाच्या दोन दिवस आधी सकाळी ८ वाजता, माउंटन वेळेनुसार, खुला होतो. तेव्हा टोरांटोत सकाळचे १० वाजलेले असतात, त्यामुळे घरून निघण्यापूर्वी आरक्षण करायचे असल्यास हा फरक ध्यानात असू द्या. एप्रिलमध्ये घेतलेली जागा पावसाच्या दिवशीची निघू शकते, दोन दिवस आधी घेतलेली जागा मात्र हवामानाचा अंदाज पाहून घेता येते. आपल्याकडे चार दिवस आहेत, म्हणून मी तरी दुसऱ्या मार्गाने जाईन आणि पहिल्या सकाळी जमले नाही तर पुढच्या सकाळी पुन्हा प्रयत्न करीन.

जाताना ठरावीक वेळेची बस असते. परतीला मात्र रांगेत उभे राहून येईल ती बस पकडायची असते. दुपारी तीन-चारच्या सुमारास ही रांग लांबते. शेवटच्या परतीच्या बसची वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवावी, आणि आईंना घाईने उतरावे लागू नये म्हणून हातात भरपूर वेळ ठेवून माघारी फिरावे. घाईचा उतार दुखऱ्या गुडघ्याला सर्वांत वाईट.

आता वाटेविषयी. मोरेन लेक सुमारे १,८८५ मीटर उंचीवर आहे. तळ्याच्या काठाने थोडे पुढे गेल्यावर पायवाट उजवीकडे चढू लागते आणि स्प्रूस-फरच्या दाट रानातून एकामागून एक नागमोडी वळणे घेते. या टप्प्यात दृश्य जवळजवळ नाही, चढ मात्र सलग आहे. सुमारे अडीच किलोमीटरनंतर आयफेल लेकचा फाटा लागतो. तिथून उजवीकडे वळले की चढ सौम्य होतो, रान विरळ होते आणि लार्च सुरू होतात. तळ्यापासून वरच्या उघड्या कुरणापर्यंत एका बाजूचे अंतर ४.३ किलोमीटर आणि चढाई ५३५ मीटर आहे. म्हणजे लार्चचा पहिला घोळका गाठण्यासाठी पूर्ण वाट चालावी लागत नाही. आई फाट्यानंतरच्या पहिल्या मोकळ्या जागेपर्यंत जरी आल्या, तरी त्या सोनेरी झाडांच्या मधोमध उभ्या असतील आणि व्हॅली ऑफ द टेन पीक्समधील शिखरांची रांग त्यांच्यासमोर असेल. कॅनडाच्या १९६९ आणि १९७९ मालिकेतील २० डॉलरच्या नोटेवर जे दृश्य छापले होते, ते याच शिखरांचे आणि याच तळ्याचे.

कुरणाच्या पुढे मिनेस्टिमा तळी आहेत आणि त्यांच्या मागे सेंटिनल पास ही खिंड आहे. तिची उंची २,६११ मीटर, मोरेन लेकपासून अंतर ५.८ किलोमीटर, आणि एकूण चढाई ७२५ मीटर. शेवटचा भाग उघड्या घसाऱ्यावरून तिरपा चढतो, आणि सप्टेंबरअखेर तिथे ताजा बर्फ किंवा गोठलेला चिखल असणे अगदी स्वाभाविक आहे. खिंडीत लार्च नाहीत. तिथून लार्चचे रान वरून दिसते, आणि ते दृश्य निश्चितच मोठे आहे, पण आपल्या सहलीचा हेतू पाहता खिंड केवळ आपण दोघांनी, वाट कोरडी असेल तरच, करावी असे माझे मत आहे.

वनस्पतीप्रेमी

धागाकर्तीच्या वडिलांचा उल्लेख वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. तिथे जो लार्च दिसेल तो उपअल्पाइन लार्च, म्हणजे लॅरिक्स लायली. स्कॉटिश नौदलातील शल्यचिकित्सक आणि वनस्पतिसंग्राहक डेव्हिड लायल यांच्यावरून हे नाव पडले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश हद्द-आयोगाबरोबर त्यांनी या भागात नमुने गोळा केले होते. ही जात जगात फक्त उत्तर अमेरिकेच्या वायव्य डोंगरांत आढळते: एकीकडे कॅस्केड पर्वतात आणि दुसरीकडे रॉकी पर्वतात, मध्ये मोठे अंतर सोडून. ती वाढते ती अगदी वृक्षरेषेपाशी, जिथे इतर झाडे खुरटी होऊन जमिनीला टेकतात. तिथे हा लार्च मात्र सरळ उभा असतो. त्याचे मोठे कारण पानगळ हेच आहे. गोठलेल्या जमिनीतून पाणी मिळत नसताना हिवाळ्यातला कोरडा वारा सदाहरित सुयांतील ओलावा शोषून घेतो आणि वाऱ्याबरोबर उडणारे हिमकण त्या खरवडतात. लार्चच्या फांद्यांवर त्या काळात सुयाच नसतात.

रंगाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. दिवस लहान होऊ लागले आणि रात्री थंड झाल्या की झाड सुयांतील हरितद्रव्य मोडते आणि त्यातील नत्र तसेच इतर पोषकद्रव्ये परत फांद्यांत ओढून घेते. हरितद्रव्याखाली झाकलेली पिवळी कॅरोटिनॉइड द्रव्ये मग उघडी पडतात. मेपलच्या काही जातींत शरद ऋतूत नवे लाल रंगद्रव्य तयार होते. लार्चमध्ये ते होत नाही, त्यामुळे त्याचा प्रवास फिक्या हिरव्यापासून लिंबासारख्या पिवळ्याकडे, तिथून गडद सोनेरीकडे आणि शेवटी तांबूस तपकिरीकडे होतो. उताराच्या वरच्या, उघड्या भागातील झाडे बहुधा आधी पालटतात आणि आडोशाची मागून, त्यामुळे एकाच दिवशी एकाच रानात या सगळ्या छटा शेजारी-शेजारी दिसू शकतात.

आपल्या वडिलांनी सोबत एक हातभिंग अवश्य ठेवावे. जुन्या फांदीवर आखूड, गाठीसारखे खुंट दिसतात आणि प्रत्येक खुंटातून तीस-चाळीस सुयांचा झुबका फुटलेला असतो. फांदीच्या टोकाच्या चालू वर्षाच्या वाढीवर मात्र सुया एकेकट्या, फिरत्या क्रमाने लागलेल्या असतात. सुई दोन बोटांत धरून हलकेच फिरवली तर तिच्या चार कडा बोटांना जाणवतात, आणि स्पर्श इतका मऊ असतो की शेजारच्या स्प्रूसची टोचरी सुई लगेच निराळी ओळखू येते. कोवळ्या फांद्यांवर पांढुरकी दाट लव असते. खालच्या उंचीवर वाढणाऱ्या पश्चिमी लार्चपासून, म्हणजे लॅरिक्स ऑक्सिडेंटॅलिसपासून, ही जात ओळखण्याची ती सर्वांत सोपी खूण आहे. तो पश्चिमी लार्च ब्रिटिश कोलंबियाच्या दक्षिण भागातल्या दऱ्यांत आहे आणि त्याचा रंग ऑक्टोबरच्या मध्यानंतर भरतो, म्हणून इंटरनेटवरील ऑक्टोबरअखेरची छायाचित्रे पाहून आपली तारीख पुढे ढकलू नका.

एक विनंती आहे. राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलून आणण्यास कायद्याने मनाई आहे. त्यात फांदी, शंकू आणि गळालेल्या सुयासुद्धा आल्या. निरीक्षण तिथेच करावे आणि पायवाट सोडू नये. या उंचीवर झाडांची वाढ फार सावकाश होते. वितभर उंचीचे रोपटे कित्येक वर्षांचे असू शकते आणि मोठे वृक्ष शेकडो वर्षे जुने असतात. छायाचित्रासाठी कुरणात शिरणाऱ्यांच्या बुटांखाली नेमकी हीच रोपटी चिरडली जातात, आणि ते पाहून फार वाईट वाटते.

कॅल्गरीकर

तारखेबद्दल लिहितो. लेक लुईसच्या परिसरात सर्वसाधारणपणे सप्टेंबरच्या मध्यानंतर रंग चढू लागतो, शेवटच्या दहा दिवसांत तो भरात असतो, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुया झपाट्याने गळतात. आपला आठवडा चांगला आहे. मात्र ऐन भरात आलेले रान एका वादळी रात्रीत निम्मे रिकामे होऊ शकते, कारण पिकलेल्या सुया जोराच्या वाऱ्यापुढे टिकत नाहीत. म्हणून लार्चचा दिवस सहलीच्या शेवटी ठेवू नका. पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी संधी मिळाली तर ती घ्यावी आणि उरलेले दिवस तळ्यांकाठी व गावात घालवावेत.

आईंसाठी मी आग्रहाने वेगळी जागा सुचवतो: कॅनानास्किसमधील हायवूड पास. हा घाट २,२०६ मीटर उंचीवर आहे आणि कॅनडातील सर्वांत उंच पक्का रस्ता इथून जातो. म्हणजे जी उंची लार्च व्हॅलीत दोन-अडीच तास चढून गाठावी लागते, ती इथे मोटारीतून उतरताच मिळते. वाहनतळालगत कुरणातून जाणारी छोटी, जवळजवळ सपाट वाट आहे. रस्ता ओलांडून टार्मिगन सर्कची वाट सुरू होते (सर्क म्हणजे डोंगरातील वाटीसारखा खोलगट भाग). ती साधारण साडेचार किलोमीटरच्या फेरीची असून चढाई दोन-सव्वादोनशे मीटरच्या आसपास आहे. सुरुवातीलाच एक खडा टप्पा आहे, पण तो संपताच लार्चच्या रांगा आणि मागे करड्या खडकाची उभी भिंत असे दृश्य उघडते. याच रस्त्यावर आरेथूसा सर्क आणि पोकाटेरा रिज आहेत. रिजची धार सुंदर आहे, तथापि तिचा उतार दुखऱ्या गुडघ्याला मुळीच मानवणारा नाही.

हायवूड पास बॅन्फहून मोटारीने साधारण दीड तासावर आहे. बसचे आरक्षण लागत नाही, परंतु हा भाग अल्बर्टा प्रांताच्या अखत्यारीत येतो, त्यामुळे राष्ट्रीय उद्यानाचा प्रवेश-पास इथे चालत नाही. कॅनानास्किस कॉन्झर्व्हेशन पास वेगळा घ्यावा लागतो. तो मोटारीमागे दिवसाला १५ डॉलर आहे, ऑनलाइन मिळतो आणि मोटारीच्या नंबरप्लेटशी जोडलेला असतो. भाड्याची मोटार हातात आल्यावरच तो घ्यावा हे बरे. लार्चच्या शनिवार-रविवारी तिथला वाहनतळ सकाळीच भरतो आणि मोटारी रस्त्याच्या कडेने दूरवर लागतात; आठवड्यातील मधला दिवस निवडल्यास आईंना रस्त्याकडेने चालण्याचा त्रास पडणार नाही. हा रस्ता १ डिसेंबर ते १४ जून बंद असतो, आपल्या तारखांना त्याची अडचण नाही.

राष्ट्रीय उद्यानाच्या पासासाठी ६५ वर्षांवरील व्यक्तींना सवलत आहे. चौघांसाठी मात्र कुटुंब-गटाचा पास बहुधा सोयीचा पडतो, कारण तो एका मोटारीतील सात जणांपर्यंत चालतो.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. बाबांनी सुयांच्या चार कडांचा परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला आणि भिंग काढून ठेवले आहे. हायवूड पास हे नाव मी आजपर्यंत ऐकलेही नव्हते.

आता एक नवी शंका आहे. लार्च व्हॅलीत कधी कधी अस्वलांमुळे चार जणांच्या गटानेच चालण्याचा नियम लागू होतो, असे वाचले. आम्ही चौघेच आहोत. आई-बाबांना कुरणापाशी बसवून आम्ही दोघे सेंटिनल पासला गेलो, तर नियम लागू असताना ते चालेल का?

वाटसरू

चालणार नाही, आणि नियम लागू नसला तरी मी तसे करू नये असेच म्हणेन. हा निर्बंध वरच्या खोऱ्यात ग्रिझली अस्वलांचा वावर असतो म्हणून लावला जातो. तो लागू असताना किमान चार जणांनी एकमेकांच्या अगदी जवळ राहून चालणे कायद्याने बंधनकारक असते, आणि उल्लंघनासाठी कमाल २५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. फाटाफूट झाली की दोघांचे दोन गट होतात आणि दोन्ही गट नियम मोडतात. अशा दिवशी वाटेच्या सुरुवातीला थांबून दुसऱ्या चालणाऱ्यांना सोबत घेण्याची पद्धत सर्रास आहे. कोणाला त्यात संकोच वाटत नाही. पण मग दोघांची गती दुसऱ्या गटाशी जुळवावी लागेल, आणि आई-बाबांनाही बसून राहण्यासाठी आणखी दोघे लागतील. हे जुळवण्यापेक्षा चौघांनी एकत्र चालून एकत्र परतावे.

निर्बंध दरवर्षी त्याच तारखांना असतो असे नाही. पार्क्स कॅनडाच्या संकेतस्थळावर वाटांची स्थिती आणि अस्वलांच्या सूचना असतात. त्या आदल्या रात्री पाहाव्या आणि वाटेच्या तोंडाशी लावलेला फलकही वाचावा.

बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला दूर ठेवणारा तिखट फवारा, मात्र नियम असो वा नसो, सोबत हवाच. तो विमानात हातसामानातही चालत नाही आणि मोठ्या बॅगेतही चालत नाही, म्हणून बॅन्फमध्येच विकत किंवा भाड्याने घ्यावा. पाठपिशवीच्या तळाशी ठेवलेला स्प्रे निरुपयोगी असतो. तो कमरेला किंवा छातीच्या पट्ट्यावर, एका हाताने चटकन निघेल असा लावावा, आणि सुरक्षा-खटका कसा काढायचा हे दुकानातच चौघांनी शिकून घ्यावे. आंधळ्या वळणांवर आणि झऱ्याच्या आवाजाजवळ मोठ्याने बोलत राहावे. मराठीत गप्पा मारत चालणाऱ्या चौघांना त्यासाठी वेगळे कष्ट पडणार नाहीत. अस्वल दिसलेच तर किमान १०० मीटर अंतर राखावे, पळू नये, आणि छायाचित्रासाठी एक पाऊलही पुढे टाकू नये. एल्क आणि हरणांसाठी हे अंतर ३० मीटर आहे.

डोंगरमित्र

मी येथे फक्त कपडे, बूट आणि गुडघा यांविषयी लिहितो.

सप्टेंबरअखेर या उंचीवर सकाळी पारा शून्याच्या खाली आणि दुपारी उन्हात दहा-पंधरा अंशांवर, असा एकाच दिवसातला फरक सहज संभवतो. चढताना घाम येतो, कुरणात पोचून बसले की वाऱ्याने तोच घाम गार पडतो, आणि ज्येष्ठांना थंडी भरते ती नेमकी या वेळी. म्हणून आतला कपडा सुती नसावा. त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा थर, आणि सर्वांत वर वारा व पाऊस अडवणारे जाकीट असावे. आतला एक कोरडा सदरा पिशवीत ठेवून वर पोचताच बदलणे हा मला सर्वांत उपयोगी पडलेला उपाय आहे. टोपी आणि हातमोजे उन्हाच्या दिवशीसुद्धा घ्यावेत.

ताजा बर्फ पडलेला असल्यास वाट दिवसभर तुडवली जाऊन घट्ट होते आणि रात्री गोठते. त्यावर बुटांचा खोल ठसाही पुरत नाही. बुटांवर चढवायचे मायक्रोस्पाइक्स लागतात. बॅन्फ आणि लेक लुईसमध्ये ते भाड्याने मिळतात. पिवळ्या लार्चखाली पांढरा बर्फ हे दृश्य अप्रतिम असते, त्यामुळे थोडा बर्फ पडला म्हणून बेत रद्द करू नका. आईंच्या पायांना मात्र त्या दिवशी स्पाइक्सशिवाय चालू देऊ नका.

गुडघ्यासाठी दोन काठ्या हव्यातच, एक पुरत नाही. उतरताना काठ्यांची लांबी थोडी वाढवावी, दोन्ही काठ्या आधी खालच्या पातळीवर टेकवाव्या आणि मग पाऊल टाकावे. ही लय आधी घराजवळच्या एखाद्या उतारावर अंगवळणी पाडून घ्यावी; डोंगरात पहिल्यांदा काठ्या हातात घेतल्या की त्या पायांत येतात. लार्च व्हॅलीच्या वळणांवर मुळे आणि दगड वर आलेले आहेत, आणि दुपारी वर येणारी गर्दी समोरून येते. बाजूला थांबून लोकांना जाऊ द्यावे, कोणाच्या मागे लागल्यासारखे उतरू नये. बाबांनी आईंच्या पुढे चालावे, मागे नव्हे, म्हणजे पाऊल घसरल्यास आधार खालून मिळतो. फाट्यापर्यंतच जाऊन परतल्यास उतराई बरीच कमी होते, हा निर्णय आईंनी वर पोचल्यावर स्वतःच घ्यावा.

पाणी आणि खाणे आपले आपण न्यावे, वर काहीही मिळत नाही. स्वच्छतागृह मोरेन लेकपाशीच आहे.

कॅल्गरीकर

एका पर्यायाबद्दल लिहायचे राहिले. लार्च व्हॅलीची बस कोणत्याच दिवशी मिळाली नाही, तर लेक लुईसच्या काठावरून निघणारी लेक ॲग्नेसची वाट पाहावी. अंतर एका बाजूने ३.५ किलोमीटर, चढाई सुमारे ४०० मीटर, आणि वाट रुंद व मळलेली आहे. वर तळ्याकाठी जुने चहाघर आहे, ते साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत उघडे असते. रोख पैसे जवळ ठेवावेत. तळ्याच्या वरच्या अंगाला आणि लिटल बीहाइव्ह या टेकडीच्या बाजूला लार्च आहेत. लार्च व्हॅलीइतके घनदाट रान नाही, पण आई वर बसून चहा घेत असताना बाबांना झाडे जवळून पाहता येतील. सॅडलबॅक पासचे लार्च याहून सुंदर आहेत, परंतु ३.७ किलोमीटरमध्ये ६०० मीटर चढ म्हणजे तितकाच कडक उतार, म्हणून तो मी आपल्याला सुचवत नाही. हीली पासही अनेकजण सांगतील. तिथे लार्च अमाप आहेत आणि बसचा प्रश्न नाही, मात्र एका बाजूचे ९.२ किलोमीटर अंतर आईंसाठी फार आहे.

उजेडाबद्दलही एक सूचना करतो. त्या दिवसांत सूर्योदय साधारण साडेसातच्या सुमारास होतो आणि डोंगरांमुळे खोऱ्याच्या तळाशी ऊन आणखी उशिरा उतरते. सकाळी साडेआठ-नऊची बस घेतल्यास चढ सावलीत होतो आणि वर पोचेपर्यंत रानात ऊन आलेले असते. लार्च सर्वांत तेजस्वी दिसतो तो सूर्य त्याच्या पलीकडे असताना, कारण सुया पातळ असल्याने उजेड त्यांतून आरपार येतो. छायाचित्र काढणाऱ्याने सूर्याकडे पाठ करून उभे राहण्याची सवय इथे सोडावी. ड्रोनला राष्ट्रीय उद्यानात बंदी आहे.

धागाकर्ती

आपल्या सर्वांच्या सल्ल्यावरून असा बेत ठरला आहे. पोचल्यानंतरच्या पहिल्या पूर्ण दिवशी हायवूड पास. तो आठवड्यातील मधला दिवस आहे, तिथे आईचा गुडघा कसा चालतो हेही कळेल, आणि बाबांना झाडे निवांत पाहता येतील. लार्च व्हॅलीच्या बससाठी पुढच्या दोन दिवसांपैकी ज्या दिवशी हवामान बरे असेल तो दिवस धरून, दोन दिवस आधी सकाळी आरक्षण करू. चौघे एकत्र फाट्यापर्यंत जाऊ आणि पुढे जायचे की परतायचे हे आई ठरवेल. सेंटिनल पास आम्ही दोघांनी या खेपेपुरता सोडून दिला आहे. लेक ॲग्नेस राखीव राहील. काठ्या आजच घेतल्या असून आई संध्याकाळी जवळच्या टेकाडावर त्यांचा सराव करणार आहे.

एकच विचारायचे आहे. आरक्षण करताना चौघांच्या जागा वेगवेगळ्या घ्याव्यात की एकत्र?

वाटसरू

एकाच व्यवहारात चारही जागा घ्या, म्हणजे चौघांना सुटण्याची वेळ एकच मिळेल. पार्क्स कॅनडाच्या आरक्षण-संकेतस्थळावर खाते आधीच उघडून ठेवा, ८ वाजण्यापूर्वी लॉग-इन करून बसा, आणि हवी ती वेळ भरलेली दिसल्यास अर्धा-एक तास पुढची वेळ ताबडतोब घ्या. आपल्या बेताप्रमाणे लार्च व्हॅलीचा पहिला दिवस साधायचा असेल, तर त्याचे आरक्षण हायवूड पासच्या आदल्या सकाळी, म्हणजे आपण प्रवासाला निघता त्याच दिवशी करावे लागेल. विमानाची वेळ पाहून हे काम चौघांपैकी कोणाकडे द्यायचे ते आताच ठरवून ठेवा.